बर्गंडी आणि बोजोले: शिवेला शीव लागून, तरी लाल वाइन वेगळी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या पूर्वेला दिजों शहरातून दक्षिणेची वाट धरली की लियोंपर्यंत जेमतेम २०० किलोमीटर. उजव्या हाताला डोंगरउतार आणि त्यावर द्राक्षमळे, डाव्या हाताला सोन नदीचं सपाट खोरं. वाटेत आधी बर्गंडी लागते, शेवटी बोजोले. एकच नदी, एकाच अंगाचे उतार, सुगीही साधारण एकाच हंगामात. तरी दोन्हीकडची लाल वाइन शेजारी शेजारी ओतली, तर ज्याला वाइनमधलं काही कळत नाही तोही दोन पेले वेगळे काढेल. असं का, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नावांचे उच्चार फ्रेंचच्या जवळ ठेवले आहेत. 'बर्गंडी' मात्र आपल्याकडे रुळलेलं नाव, ते तसंच.

चवीतला फरक दोन ओळींत सांगता येईल का?

ढोबळमानाने येईल. बर्गंडीची लाल वाइन पिनो न्वार या द्राक्षाची: रंग फिकट माणकासारखा, वास चेरी-रासबेरीचा, आणि वय वाढलं की ओली माती, अळंबी, पाचोळा. बोजोलेची गामे या द्राक्षाची: रंगात जांभळी झाक, ताज्या लाल फळांचा रसाळपणा, तुरटपणा कमी, लवकर पिऊन संपवावी अशी. या दोन ओळींना अपवाद इतके आहेत, की खालचे निम्मे प्रश्न त्या अपवादांबद्दलच आहेत.

म्हणजे सगळा फरक द्राक्षाच्या जातीचाच ना?

मोठा वाटा जातीचा, हे खरं. पण या दोन जातींचं नातं मोठं गमतीचं आहे. १९९९ साली डीएनए तपासणीतून कळलं, की गामे हे पिनोचंच लेकरू आहे. दुसरं पालक गुए ब्लाँ नावाचं पांढरं द्राक्ष. मध्ययुगात ते भरपूर लावलं जायचं आणि हलकं समजलं जायचं. याच जोडप्यापासून शार्दोनेही झालं, म्हणजे बर्गंडीची जगप्रसिद्ध पांढरी वाइन ज्या द्राक्षाची, ते गामेचं सख्खं भावंड. त्यातला एक बर्गंडीत मानानं राहिला, दुसऱ्याला घराबाहेर काढलं. आणखी एक गंमत: गामे नावाची वाडी बोजोलेत नाही. ती बर्गंडीच्या पोटात आहे, सँतोबँ गावाच्या हद्दीत.

स्वभाव मात्र पिनोकडे न जाता गुए ब्लाँकडे गेला. पिनोची साल पातळ, घड लहान आणि घट्ट, पाऊस झाला की कूज, पीक बेताचं. गामे हात राखून न ठेवता पीक देतो. वसंतातल्या हिमकडाक्याने पहिले कोंब करपले, तर मागून फुटणाऱ्या कोंबांनाही त्याला थोडेफार घड धरतात. ज्या शेतकऱ्याचं वर्षाचं पोट द्राक्षावर, त्याला असा वेल देवासारखा. आणि जो जमीनदार नावावर वाइन विकतो, त्याला तो शत्रू.

बर्गंडीतून गामेला हाकललं, ही दंतकथा की इतिहास?

इतिहास. जुलै १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने (इतिहासात तो 'धाडसी फिलिप' म्हणून ओळखला जातो) फर्मान काढलं, की गामेचे वेल उपटून टाका. फर्मानाची भाषा आजही वाचताना हसू येतं. गामेला त्यात 'अत्यंत वाईट आणि अत्यंत बेइमान' वेल म्हटलं आहे. त्याची वाइन माणसाच्या प्रकृतीला घातक, भयंकर कडवट, असंही त्यात आहे. पीक वाढवण्यासाठी मळ्यात खत टाकण्यालाही फिलिपचा विरोध होता.

यामागे निव्वळ चोखंदळपणा नव्हता. १३४८ च्या प्लेगनंतर माणसं कमी झाली होती, मजुरी महागली होती, आणि कमी कष्टात जास्त माल देणारा वेल शेतकऱ्यांनी आपसूक धरला. ड्यूकला मात्र बोन या बर्गंडीतल्या शहराच्या वाइनचं नाव राखायचं होतं, कारण ते नाव त्याच्या राजकारणातलं नाणं होतं.

इथे एक गोष्ट सहसा सुटते. बोजोले फिलिपच्या ताब्यात नव्हतंच. ते बोजो घराण्याचं होतं आणि १४०० साली बूर्बों घराण्याकडे गेलं. फर्मान तिथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे 'ड्यूकने गामेला बोजोलेत पाठवलं' हे सोपं करून सांगितलेलं अर्धसत्य आहे. खुद्द बर्गंडीतही गामे लगेच संपला नाही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त होईपर्यंत कोत दोरच्या, म्हणजे बर्गंडीच्या मुख्य उताराच्या, सखल भागात तो भरपूर होता. अमेरिकी खुंटावर कलमं बांधून पुन्हा लावणी झाली, तेव्हा चांगल्या उतारांवर पिनोने जागा घेतली. शेवटी फर्मानापेक्षा कीड आणि बाजारभाव प्रभावी ठरले, असं माझं मत.

बोजोलेत गामे चांगला होतो, मग बर्गंडीत का नाही?

इथे खडक येतो. उत्तर बोजोलेची जमीन ग्रॅनाइटची, ३० कोटी वर्षांहून जुनी. वरचा थर म्हणजे अक्षरशः मुरूम: विहीर खणताना आपल्याकडे पोयट्याखाली लागतो तसा, हातात चुरा होणारा, पाणी धरून न ठेवणारा. माती आम्लधर्मी आणि गरीब. गामेसारख्या उधळ्या वेलाला अशी जमीन लगाम घालते. पीक आपोआप आवरतं, मणी लहान राहतात, रसाला दाटपणा येतो. तोच गामे बर्गंडीच्या पायथ्याच्या खोल, चुनखडीयुक्त चिकणमातीत लावा, तो घडांनी वाकेल आणि वाइन पाणचट होईल. ड्यूकची तक्रार त्याच्या जमिनीपुरती खोटी नव्हती.

आता कोत दोरचा उतार. दिजोंच्या दक्षिणेपासून साधारण ५० किलोमीटर लांब, पूर्वेकडे तोंड. तिथला खडक जुरासिक काळातला चुनखडक, म्हणजे उथळ समुद्रातल्या शिंपल्यांचा आणि गाळाचा. मधे मधे मार्ल, म्हणजे चुना आणि चिकणमातीचं मिश्रण. उताराच्या माथ्यावर माती फार पातळ, पायथ्याला फार जाड. मधला पट्टा नेमका बेताचा, आणि सर्वांत वरच्या दर्जाचे मळे त्याच पट्ट्यात. वेलाला थोडं पाणी मिळत राहतं, पण पाय ओले राहत नाहीत. लवकर पिकणाऱ्या, नाजूक पिनोला हे मानवतं.

म्हणजे वाइनमध्ये ग्रॅनाइटची किंवा चुनखडीची चव उतरते?

नाही. वेल खडक विरघळवून द्राक्षात भरत नाही. खडक ठरवतो तो पाण्याचा निचरा, मुळं किती खोल जातील, जमीन किती तापेल आणि वेल किती माजेल. चव त्यातून येते, आडवाटेने. एखाद्या विक्रेत्याने 'या वाइनमध्ये ग्रॅनाइट जाणवतो' म्हटलं तर ती उपमा समजून सोडून द्यावी.

संपूर्ण बोजोले ग्रॅनाइटचंच आहे का?

नाही, आणि हे फार महत्त्वाचं. साधारण व्हिलफ्रांश-सुर-सोन शहराच्या दक्षिणेला जमीन बदलते. तिथे चिकणमाती आणि चुनखडक. त्या खडकाचा रंग मधासारखा, गावातली घरंही त्याच दगडाची, म्हणून त्या भागाला 'सोनेरी दगडांचा मुलूख' म्हणतात. दिसायला देखणा, पण तिथली लाल वाइन सहसा हलकी, साधी. ज्यावर नुसतं 'बोजोले' लिहिलेलं असतं त्या वाइनचा मोठा भाग इथला. उत्तरेच्या टेकड्यांत ३८ गावांना 'बोजोले-व्हिलाज' लिहायची मुभा आहे, आणि त्याच उत्तर भागात दहा खास मुलूख आहेत, त्यांना क्रू म्हणतात. दगडांच्या याच विविधतेमुळे २०१८ मध्ये बोजोलेला युनेस्कोच्या भूउद्यानांच्या यादीत जागा मिळाली.

बोजोलेत द्राक्षं न चिरडताच वाइन करतात म्हणे. ते कसं?

ऐकायला अशक्य वाटतं, पण खरं आहे. आणि माझ्या मते दोन मुलखांतला निम्मा फरक इथे, तळघरात पडतो.

नेहमीच्या पद्धतीत द्राक्षं देठांपासून वेगळी करतात, थोडी फोडतात, आणि रस सालींसकट आंबतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, सालींतून रंग आणि टॅनिन उतरतं. टॅनिन म्हणजे कच्ची सुपारी चघळल्यावर जिभेला जे वाटतं ते. बर्गंडीत हे दोन-तीन आठवडे चालतं, आणि वर तरंगणारा सालींचा थर दांड्याने किंवा पायांनी रसात पुन्हा पुन्हा दाबतात.

बोजोलेत घड अख्खेच टाकीत रचतात, देठांसकट. तळाचे घड वरच्यांच्या वजनाने फुटतात, तिथे रस जमून आंबायला लागतो आणि कार्बन डायॉक्साइड सुटतो. हा वायू जड, तो टाकी भरून टाकतो आणि ऑक्सिजन बाहेर ढकलतो. आता वरचे अख्खे मणी श्वास कोंडलेल्या अवस्थेत असतात. अशा वेळी मण्याच्या आतच, त्याची स्वतःची एन्झाइमं साखरेपासून थोडं अल्कोहोल तयार करतात, साधारण २ टक्क्यांपर्यंत. यीस्टचा यात हात नाही. मण्यातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदात असतं ते, याच वेळी बरंच कमी होतं. रंग सालीतून गराकडे सरकतो, पण टॅनिन तितकं येत नाही. काही दिवसांनी मणी मऊ पडून फुटतात, घड दाबून रस काढतात आणि उरलेलं काम यीस्ट करतं.

परिणाम: फळांचा भपकन येणारा वास, मवाळ आंबटपणा, आणि तुरटपणा नावाला. बाहेरून वायू न सोडता घडांच्याच वायूवर हे होतं, म्हणून याला अर्ध-कार्बनिक म्हणतात. पूर्ण पद्धतीवर फ्रेंच संशोधक मिशेल फ्लांझी यांनी १९३४ पासून काम केलं. पण बोजोलेतली जुनी माणसं अख्खे घड टाकीत टाकत होती ती शास्त्र वाचून नव्हे.

केळ्याचा वास येतो तो कशाचा?

आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या संयुगाचा. पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. टाकीचं तापमान, यीस्टची निवड आणि घाई, या तिन्हींवर त्याचं प्रमाण ठरतं. मोर्गों या क्रूच्या चांगल्या वाइनमध्ये केळं शोधून सापडणार नाही.

'बोजोले नुव्हो' आणि बोजोले एकच का?

ही गल्लत सर्वांत जास्त होते आणि बोजोलेचं सर्वांत जास्त नुकसान हिनेच केलं आहे. नुव्हो म्हणजे त्याच वर्षीच्या द्राक्षांची, सुगीनंतर दोनेक महिन्यांत बाटलीत भरलेली वाइन. १९८५ पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती बाजारात येते. घडांचा टाकीतला मुक्काम चार-पाच दिवसांचा. नव्या गुळाच्या पहिल्या ढेपेचं कौतुक असतं तसं तिचं कौतुक. त्या दिवशी मजा, पुढच्या उन्हाळ्यात काही नाही. ही वाइन फक्त 'बोजोले' आणि 'बोजोले-व्हिलाज' या नावांखाली करता येते. दहा क्रूंना नुव्हो करायला कायद्याने परवानगीच नाही.

योगायोग बघा: साधारण त्याच आठवड्यात, तिसऱ्या रविवारी, बर्गंडीच्या बोन शहरात १४४३ साली स्थापन झालेल्या धर्मादाय रुग्णालयाच्या मळ्यांतल्या नव्या वाइनचा लिलाव होतो. १८५९ पासूनचा हा लिलाव. तिथे पिंपंच्या पिंपं विकली जातात, पण ती वाइन प्यायला तयार व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं असतात. नवी वाइन दोघेही साजरी करतात. एक पिऊन, दुसरा बोली लावून.

ते दहा क्रू एकमेकांपासून खरंच वेगळे आहेत, की नुसती नावं?

उत्तरेकडून: सँतामूर, जुलियेना, शेना, मूलँ-आ-वाँ, फ्लरी, शिरुब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रुयी, कोत द ब्रुयी. रेन्येला हा दर्जा १९८८ मध्ये मिळाला, बाकी सगळे त्याच्या आधीचे. सगळीकडे द्राक्ष एकच, गामे. म्हणून फरक तपासायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही.

मूलँ-आ-वाँ आणि फ्लरी यांचे मळे बांधाला बांध लागून आहेत. मूलँ-आ-वाँ नावाचं गावच नाही. टेकाडावरच्या एका जुन्या पवनचक्कीवरून हे नाव पडलं. मळे रोमानेश-तोरँ आणि शेना या दोन गावांच्या हद्दीत. तिथल्या गुलाबी ग्रॅनाइटमध्ये मँगेनीजच्या शिरा आहेत. वाइन दाट, काळसर, पहिली काही वर्षं तोंड मिटून बसलेली. फ्लरीचा ग्रॅनाइटही गुलाबीच, पण वाळूसारखा, उतार उंच. वाइनला फुलांचा वास आणि रेशमी पोत. मँगेनीज हेच मूलँ-आ-वाँचं रहस्य, असं सर्रास सांगतात. वेल थोडा खुंटतो आणि पीक कमी येतं, इथपर्यंत पटतं. त्याहून जादू त्यात आहे, असं मला वाटत नाही.

शिरुब्ल सर्वांत उंचावर, म्हणून थंड. वाइन सर्वांत हलकी. मोर्गोंमधली कोत द्यु पी नावाची टेकडी प्रसिद्ध आहे. तिथला खडक ग्रॅनाइट नव्हे तर कुजलेला, ठिसूळ, लोहयुक्त खडक, स्थानिक त्याला 'सडका दगड' म्हणतात. त्याची वाइन भरीव, पिकलेल्या चेरीची.

ब्रुयी आणि कोत द ब्रुयी ही जोडी तर एकाच डोंगराची. डोंगराच्या अंगावरचा निळसर कठीण दगडाचा भाग म्हणजे कोत द ब्रुयी, भोवतालचा सखल भाग ब्रुयी. वरची वाइन ताठ, खालची मोकळी. १८५० च्या दशकात द्राक्षांवर भुरी पडली तेव्हा गावकऱ्यांनी नवस बोलून या डोंगराच्या माथ्यावर मेरीमातेचं देऊळ बांधलं, ते अजून उभं आहे. भुरीने रात्रीची झोप उडालेल्या आपल्याकडच्या बागाईतदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

बर्गंडीत तर द्राक्ष एकच आणि खडकही चुनखडकच. मग दोन गावांत फरक कसा?

पोमार आणि वोलने घ्या. बोनच्या दक्षिणेला ही दोन गावं लागून आहेत, मधे एक शिवारही नाही. पोमारच्या मातीत चिकणमाती जास्त, वरच्या काही मळ्यांत लोहाचा लालसरपणा. रुजियँ या मळ्याचं नावच त्या लालीवरून आलं. वाइन रांगडी, तुरट, वेळ मागणारी. वोलनेत माती पातळ आणि चुना वर आलेला; वाइन नाजूक, सुगंधी. निदान पुस्तकांत असं आहे. प्रत्यक्षात पोमारची एखादी बाटली हळुवार निघते आणि वोलनेची करकरीत, कारण पिकवणारा माणूसही मधे असतो.

शिवेचा घोळ पाहायचा तर वोलने आणि मर्सो यांच्या मधला सांतनो हा मळा. जमीन मर्सो गावच्या हद्दीत. तिथे पांढरी वाइन केली तर ती मर्सोच्या नावाने विकायची, लाल केली तर वोलने-सांतनो म्हणून. कायद्याने एकाच वावराला रंगाप्रमाणे दोन गावं दिली आहेत!

कोत दोरच्या उत्तर भागात, म्हणजे कोत द न्वीत, जेव्रे-शांबेर्तँ गावाची वाइन पीळदार, शांबोल-म्युझिन्यीची मुलायम, असं म्हणतात. लाल वाइनचे सर्वोच्च दर्जाचे, म्हणजे ग्राँ क्रू मळे जवळपास सगळे या उत्तर भागात आहेत. दक्षिणेच्या कोत द बोनमध्ये लालसाठी एकटा कोर्तों. पोमार-वोलनेत एकही नाही.

एकाच भिंतीआतली वाइनही वेगळी असू शकते?

असते. क्लो द वूजो हा सुमारे ५० हेक्टरचा, दगडी भिंतीने वेढलेला मळा. सितो मठाच्या साधूंनी मध्ययुगात उभा केला. तेव्हा मालक एक होता. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची जमीन जप्त होऊन विकली गेली, आणि पुढे वारसाहक्काच्या कायद्याने वाटण्या होत गेल्या. आज मालक ८० च्या आसपास. एका सातबाऱ्यावर ऐंशी नावं, असं समजा. वरच्या कोपऱ्यात खडक, खाली रस्त्याला लागून ओलसर चिकणमाती, आणि सगळ्यावर लेबल एकच: ग्राँ क्रू. म्हणून बर्गंडी विकत घेताना आधी उत्पादकाचं नाव बघावं, मग गावाचं. उलट करणारे पस्तावतात.

बर्गंडीत अशा वेगवेगळ्या नाव असलेल्या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. २०१५ मध्ये १,२४७ क्लिमांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

बर्गंडीवाले अख्खे घड वापरतच नाहीत का?

काही वापरतात. पण ते घड टाकीत दाबतात, पायांनी तुडवतात, त्यामुळे बोजोलेसारखी बंद वायूतली प्रक्रिया थोडीच होते आणि देठांचा मसालेदारपणा उतरतो. व्होन-रोमाने गावचे वाइन-उत्पादक आंरी जायेर याच्या विरुद्ध टोकाचे होते: देठ एकूण एक काढून टाकायचे. दोन्ही मतांचे लोक शेजारी शेजारी राहतात आणि दोघांची वाइन महाग आहे. त्यानंतर बर्गंडीत २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात वर्षभर किंवा जास्त मुरवण. बोजोलेत काँक्रीटच्या टाक्या आणि जुनी मोठी पिंपं जास्त दिसतात, म्हणून लाकडाचा, व्हॅनिलाचा वास कमी.

जुनी मोर्गों बर्गंडीसारखी लागते, हे खरं की बोजोलेवाल्यांची फुशारकी?

बऱ्यापैकी खरं. त्यासाठी फ्रेंचमध्ये खास क्रियापद आहे, 'मोर्गोने'. सात-आठ वर्षं बाटलीत राहिलेल्या चांगल्या मोर्गोंचा किंवा मूलँ-आ-वाँचा फळांचा जोर ओसरतो आणि खाली चेरीचा मुरांबा, माती, अळंबी असं काही उरतं. भले भले तिला पिनो समजतात. लेकरू म्हातारपणी बापासारखं दिसायला लागतं, त्यातला प्रकार. साधी बोजोले ठेवून मात्र असं काही होत नाही. ती फक्त शिळी होते.

बोजोलेची पत अलीकडे वाढली, ती कशामुळे?

नुव्होच्या लाटेत रसायनं, साखर आणि घाई वाढली होती. ज्यूल शोवे (१९०७–१९८९) हे ला शापेल-द-गँशेचे वाइन-व्यापारी आणि रसायनशास्त्रज्ञही. कमी सल्फर, मळ्यातलंच यीस्ट, निरोगी द्राक्षं, हा त्यांचा आग्रह. तो उचलला मोर्गोंच्या मार्सेल लापिएर, झाँ फोयार, गी ब्रतों आणि झाँ-पोल तेव्हने यांनी. आज जगभर 'नॅचरल वाइन' म्हणून जे चालतं, त्याची एक ठळक मुळी याच मुरमाड टेकड्यांत आहे. काही क्रू आता आपल्या उत्तम मळ्यांना बर्गंडीसारखा प्रीमिए क्रू (ग्राँ क्रूच्या खालोखालचा) दर्जा मिळावा म्हणून प्रयत्नात आहेत.

बोजोले बर्गंडीचाच भाग आहे की नाही? एकदाच काय ते सांगा.

एकदाच सांगता येत नाही. १९३० च्या न्यायालयीन निकालाने बोजोलेला बर्गंडीचं नाव वापरायची वाट मोकळी झाली. सरकारी नकाशात बोजोलेचा बहुतेक भाग रोन जिल्ह्यात, तर उत्तरेचा छोटा तुकडा सोन-ए-लुआरमध्ये, म्हणजे बर्गंडीच्या बाजूला. २०११ पासून 'कोतो बुर्गिन्यों' नावाखाली दोन्हीकडचे पिनो आणि गामे एकत्र करायलाही मुभा आहे. बर्गंडीत त्याआधीपासून दोन्ही द्राक्षं एकत्र आंबवलेली 'पास-तू-ग्रँ' होतीच. मनाने मात्र बोजोले लियोंकडे झुकलेलं. लियोंला तीन नद्या, रोन, सोन आणि बोजोले, ही तिथली जुनी म्हण.

खडकाची शीव बघायची तर सँतामूरला जावं. एका बाजूला ग्रॅनाइटवर गामे, आणि थोडं पुढे चुनखडक सुरू होताच पांढऱ्या शार्दोनेचे सँ-व्हेराँ आणि पुयी-फुइसे. ड्यूक, न्यायालय, जिल्हाधिकारी कोणी आखली नसेल इतकी स्वच्छ रेष.

तापमानवाढीने हे फरक पुसले जातील का?

बोनमध्ये १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखांची मालिका जुळवली गेली आहे. १९८८ नंतरच्या तोडण्या त्याआधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा साधारण १३ दिवस लवकर होतात. पिनोला याची झळ आधी लागते. पूर्वी थंड म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या उंच, आतल्या खोऱ्यांतल्या मळ्यांना त्यामुळे आता भाव आला आहे. बोजोलेत वाइन पूर्वीपेक्षा दाट आणि कडक होत चालली आहे. अशा वर्षी शिरुब्लसारखी उंचावरची गावं मला जास्त आवडतात.

नाशिकला पिनो किंवा गामे का लावत नाहीत?

बोन ४७ अंश उत्तरेला, नाशिक २० अंशांवर. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर थंडीत पीक वाढवून जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते, म्हणजे मणी पिकतात तेच मुळी ऊन चढत असताना. पातळ सालीच्या, थंडीच्या पिनोला ते झेपत नाही. म्हणून शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों.

लेबलवर काय बघायचं?

क्रूच्या बाटलीवर बहुधा 'बोजोले' हा शब्द ठळक नसतोच. फक्त 'फ्लरी' किंवा 'मोर्गों'. बर्गंडीत पायऱ्या चार: प्रांताचं नाव, गावाचं नाव, गावाबरोबर 'प्रीमिए क्रू', आणि शेवटी नुसत्या मळ्याचं नाव, म्हणजे ग्राँ क्रू. लेबलवर शब्द जितके कमी, बाटली तितकी महाग, असा ठोकताळा चालतो.

लाल वाइन थंड करून प्यायली तर हसतील का?

हसू द्या. बोजोले १२ ते १४ अंशांवर, बर्गंडी १५-१६ वर. 'रूम टेम्परेचर' हे युरोपातल्या थंड घरांचं मोजमाप. मे महिन्यातल्या पुण्याच्या किंवा मुंबईच्या खोलीतली लाल वाइन म्हणजे काढा. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा.

आपल्या जेवणाबरोबर यातली कोणती?

तिखटाबरोबर टॅनिन आणखी चरचरतं, म्हणून कोंबडीच्या रश्श्याला किंवा खिम्याला थंडगार बोजोले-व्हिलाज. महागड्या बर्गंडीवर कोल्हापुरी तांबडा रस्सा ओतणं दोघांवरही अन्याय. तिच्याबरोबर साधं भाजलेलं चिकन किंवा लोण्यात परतलेली अळंबी.

फरक स्वतः पडताळायचा तर कोणत्या बाटल्या घेऊ?

भारतात आयात शुल्कामुळे चांगली बर्गंडी खिशाला जाळते, तेव्हा चौघांनी मिळून घ्यावं. साध्या 'बुर्गोन्य' पिनो न्वारची एक आणि त्याच वर्षाची मोर्गों किंवा फ्लरीची एक, दोन्ही शक्यतो छोट्या उत्पादकाच्या. नुव्हो नको. बाटल्यांवर कागद गुंडाळा, पेले सारखे घ्या, तापमान सारखं ठेवा. आधी वास, मग घोट. तुरटपणा हिरड्यांना जाणवतो की नाही, त्याकडे लक्ष द्या. मग अर्धा तास थांबून पुन्हा चाखा. उघडल्यावर पिनो बहुधा जास्त बदलतो. आणि चौघांपैकी दोघांनी मोर्गोंलाच बर्गंडी म्हटलं, तर मोर्गों चांगली लागली असं समजा.